सही पगारासाठी मागा, भीतीसाठी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोळा तोंडावर आला आहे. गेल्या आठवड्यात आमच्या गावातल्या पानठेल्यावर एक छापील निवेदन येऊन पडलं, मागे सह्यांसाठी कोरे कागद टाचलेले. मजकूर असा: ‘गावात चोऱ्यांचे प्रमाण वाढले असून ग्रामस्थ भयभीत आहेत. तरी बंदोबस्त वाढवून होमगार्डचे थकीत मानधन तात्काळ अदा करावे.’ घेऊन आला तो शेजारचाच पोरगा, होमगार्ड. “काकाजी, सही करून द्या ना जी, तुमचं काय जाते?” म्हणाला. मी सही केली नाही. तेव्हापासून पानठेल्यावर माझ्याच नावाची चर्चा आहे, म्हणून हे पत्र.

आधी त्या पोराची बाजू सांगतो, कारण ती खरी आहे. होमगार्डला पगार नसतो, ड्यूटीच्या दिवसाचा भत्ता असतो. २०२४ मध्ये आपल्या राज्यात तो जवळपास दुप्पट होऊन रोजचे १०८३ रुपये झाला, पेपरात मोठ्या अक्षरात आलं. त्याआधी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचलच्या होमगार्डांच्या प्रकरणात सांगितलं होतं की महिनाभर ड्यूटी केली तर पोलिसाच्या किमान पगाराइतके पैसे हाती यावेत, असा हा भत्ता असला पाहिजे. पण महिनाभर ड्यूटी लागते कुणाची? सण, निवडणूक, एखादी यात्रा. बाकीचे दिवस हा पोरगा दुसऱ्याच्या वावरात फवारणीला जातो. आणि केलेल्या ड्यूटीचे पैसेही कधी येतील याचा नेम नाही. मागच्या निवडणुकीच्या बंदोबस्ताला तो स्वतःच्या गाडीत स्वतःचं पेट्रोल टाकून गेला, भत्ता आला तो कितीतरी महिन्यांनी. तोवर किराणा उधारीवर. होमगार्डचं ब्रीद ‘निष्काम सेवा’ आहे, पण दुकानदाराला ते कोण सांगणार?

मग त्याने दाद मागायची कुठे? खाकी घातलेल्या माणसाची ही अडचण जुनीच आहे. पोलिसांच्या संघटनेवर १९६६ च्या कायद्याने बंधनं आहेत. बाहेरच्या कुणी पोलिसांना काम सोडायला चिथावलं तर त्यालाही शिक्षा होते, तो कायदा तर इंग्रजांच्या काळातला, १९२२ चा. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनी स्वातंत्र्यदिनाला काळ्या फिती लावल्या. तीन दिवसांत पुढाऱ्यांना अटक झाली, शहरात लष्कर उतरलं, संघटनेची मान्यता गेली. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात अंगणवाडीताई मोर्चा काढतात, शिक्षक काढतात, आणि बॅरिकेडच्या पलीकडे उभा असलेला शिपाई तेवढा मोर्चा काढू शकत नाही. त्याच्या वतीने बायको-पोरांनी रस्त्यावर यायचं. होमगार्ड तर धड सरकारी नोकरही नाही. त्यामुळे त्याने गावाला पुढे केलं, यात मला नवल वाटत नाही आणि रागही नाही.

माझा राग त्या पहिल्या वाक्यावर आहे. चोऱ्या वाढल्या कुठे? गेल्या वर्षभरात आमच्या गावातून एका विहिरीवरची मोटर गेली आणि एकाची केबल. दोन्ही वाईटच. पण एवढ्यावरून गाव भयभीत झालं, असं मी लिहून कसं देऊ? मसुदा म्हणे तालुक्याहून तयार आला. ‘घाबरलो म्हटल्याशिवाय साहेब कागद वाचत नाहीत,’ असं त्या पोराला कुणीतरी समजावलं आहे. खोटं कशाला बोलू, साहेब कागद कसे वाचतात हे मीही पाहिलेलं आहे.

फक्त त्या कागदाचं पुढे काय होतं, तेही आमच्या जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. चोऱ्या वाढल्या अशी शंभर सह्यांची ओरड झाली की ठाण्याची गाडी पहिल्यांदा पारधी बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर जाते. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण ती वाट गाडीच्या चाकांना अजून पाठ आहे. आमच्या शिवाराला लागून बेडा आहे. तिथल्या बाया आमच्याच वावरात कापूस वेचायला येतात. होमगार्डचे पैसे कोषागारात अडले, आणि त्यासाठी आमच्या सहीने रात्री दोन वाजता बेड्यावर टॉर्च पडायचे? भत्ता थकवणाऱ्याच्या दारापर्यंत तर हा दबाव पोचतसुद्धा नाही.

या निवेदनावर गावात सभा झाली, तिथे एकजण म्हणाला, सह्या नाही दिल्या तर गणपती विसर्जनाला गावात होमगार्ड दिसणार नाही. हे बोलणं त्या पोराला स्वतःलाही आवडलं नाही, मान खाली घालून बसला होता.

मागणी साधी करता येते. ज्या दिवशी ड्यूटी झाली त्याच्या पुढच्या महिन्याच्या ठरलेल्या तारखेला भत्ता खात्यात जमा व्हावा. कुणाचे किती दिवसांचे पैसे बाकी आहेत, याची यादी तालुका समादेशकांच्या कार्यालयाबाहेर लावावी. अशी यादी लागली तर ती घेऊन ग्रामपंचायतीने ठराव करावा, आमदाराकडे जावं, मीसुद्धा येईन, एस.टी.चं भाडं माझं.

परवा मी अर्ध्या पानावर एवढंच लिहिलं, खाली माझं नाव, गाव लिहून सही केली आणि त्या पोराच्या हातात दिलं. त्याने वाचलं, मोबाईलवर फोटो काढला. म्हणाला, “चोरीचं काहीच नाही का जी याच्यात? वर विचारून पाहतो, हे चालते का.” अजून काही सांगायला आला नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
राळेगाव तालुका, जि. यवतमाळ