लेकीचा पेडलबोर्ड आणि हॉलमधलं अर्थिंग

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका काकांचं पत्र छापून आलं होतं, की हल्लीची पोरं वाद्य शिकत नाहीत नुसते डबे विकत घेतात, पायाने बटण दाबलं की आवाज बदलतो, यात साधना कुठं आली. पत्र मी दोनदा वाचलं. काकांची तळमळ मला कळते, मिरजेत राहून तंबोऱ्यावर जीव नसलेलं माणूस मिळायचं नाही. पण माझी लेक अकरावीला आहे, तीन वर्षं गिटार वाजवते, आणि या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघींनी घरी बसून तिचा पेडलबोर्ड, म्हणजे ते डबे एकत्र बसवायची फळी, बनवला, म्हणून हे लिहायला बसले. थोडं लांबेल, शक्य झालं तर पूर्ण छापा.

आधी डब्यांबद्दल. गिटार आणि अॅम्पच्या (आवाज मोठा करणाऱ्या अॅम्प्लिफायरच्या) मध्ये जे छोटे छोटे धातूचे डबे लावतात त्यांना पेडल म्हणतात, प्रत्येकाचं काम वेगळं, एक आवाज फाडतो (ओव्हरड्राइव्ह किंवा नुसतं ड्राइव्ह), एक घुमवतो (रिव्हर्ब), एक मागून पुन्हा पुन्हा ऐकवतो (डिले). हे कुणी टेबलावर बसून ठरवून शोधलं असंही नाही, १९६० च्या सुमारास नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मिक्सरचं एक चॅनल बिघडलं, गिटारचा आवाज फाटून आला आणि लोकांना तोच आवडला, मग १९६२ साली तसा आवाज काढणारं मेस्ट्रो फझ-टोन नावाचं पेडल बाजारात आलं. आता काकांना मला एक सांगायचंय. आपल्या इथले कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात तेव्हा काय करतात, घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा घासून घासून त्याला असा बारीक उतार देतात की तार कंप पावताना त्याला हलकी घासत राहते, खाली सुती दोरा सरकवतात, आणि एका तारेतून वरचे सगळे स्वर झणझणत बाहेर पडतात. ओव्हरड्राइव्हच्या पेडलमध्ये डायोड सिग्नलचा माथा कापतात आणि त्या कापण्यातून हार्मोनिक्स म्हणजे तसेच वरचे स्वर तयार होतात. साधन वेगळं, पण साध्या सुरातून भरलेला सूर काढायची ओढ तीच की हो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेढे वाटले, ते कान आणि हात या दोन्हींच्या कामाचं कौतुक होतं, आणि माझी लेक ड्राइव्हचं बटण केसभर फिरवून अर्धा अर्धा तास ऐकत बसते तेव्हा मला तेच दिसतं.

तर बोर्ड. तिच्याकडे पाच पेडल झाली होती (वाढदिवस, मामाकडून एक जुनं, क्लासमधल्या एका मुलाकडून घेतलेलं एक) आणि ती जमिनीवर पसरून वाजवायची, दर वेळी वायरी जोडायच्या, दर वेळी कुठलीतरी एक चालत नाही. तयार बोर्ड काही हजारांना मिळतो. मी म्हटलं थांब, आपण करू. मी पंचवीस वर्षांपूर्वी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, त्यानंतर संसारात हातात सोल्डरिंग आयर्न काही आलं नव्हतं.

माप घ्यायला आम्ही तुमचाच पेपर वापरला. खरंच. एक पान जमिनीवर अंथरलं, त्यावर पेडल मांडली, मधल्या जॅकसाठी (वायरीच्या टोकाच्या पिनेसाठी) तीन-तीन सेंटीमीटर जागा सोडली आणि पेन्सिलीने कडा आखल्या. बॉस कंपनीचं साधं पेडल साधारण ७३ मिलिमीटर रुंद आणि १२९ लांब असतं, पुढच्या रांगेत तीन आणि मागे दोन अशी बसवली तर सगळं त्या एका पानात आरामात मावलं, म्हणून बोर्ड पानाएवढाच केला, ५३ बाय ३३ सेंटीमीटर. मांडणी केल्यावर लेकीने बूट घालून उभं राहून पाय टेकवून बघितलं, मागच्या रांगेतलं बटण दाबताना पुढच्याची नॉब फिरत होती, मग पेडल पुन्हा सरकवली, असं तीन संध्याकाळी चाललं. ज्यांना करायचंय त्यांनी ही पायरी अजिबात टाळू नका, लाकूड कापल्यावर काही बदलता येत नाही.

लाकूड म्हणजे शेजारच्या सुतारकाकांकडे पडलेल्या पॅकिंगच्या पाइनच्या पट्ट्या. साडेसहा सेंटीमीटर रुंदीच्या चार पट्ट्या आडव्या, मध्ये दोन-अडीच सेंटीमीटरच्या फटी, म्हणजे वायरी वरून खाली जातात आणि वरती गुंता दिसत नाही. दोन्ही बाजूंना १२ मिलिमीटरच्या प्लायचे उतरते तुकडे, पुढून ३ सेंटीमीटर मागून ८, त्यामुळे मागची रांग आपोआप उंच होते. प्लायमध्ये स्क्रू मारायच्या आधी बारीक भोक पाडा नाहीतर कड फाटते, आमची एक फाटलीच, पुन्हा कापली. घासकागद मारणं, पॉलिश, सगळं लेकीने केलं. सुतारकाकांनी फक्त करवत धरायला शिकवलं आणि बाजूला उभे राहिले, ते मला फार आवडलं. पेडल बसवायला वेल्क्रो, खरखरीत बाजू बोर्डावर आणि मऊ पेडलच्या पोटाला, चिकटवायच्या आधी पॉलिश दोन दिवस चांगलं वाळू द्यायचं.

मग वायरी. पेडल ते पेडल जोडणाऱ्या छोट्या पॅच केबल स्वस्तातल्या मोल्डेड मिळतात पण त्या आतून तुटल्या की दुरुस्त होत नाहीत, म्हणून पुण्याला गेले होते तेव्हा तापकीर गल्लीतून मोनो जॅक आणि शील्डेड (भोवती तारेची जाळी असलेली) वायर घेऊन आले. मधली तार जॅकच्या टोकाला, जाळी त्याच्या बॉडीला, एवढंच असतं. पण जाळीचा एक केस जरी टोकाला लागला तरी आवाज बंद, म्हणून प्रत्येक केबल मल्टिमीटरवर दोनदा तपासायची, टोक ते टोक बीप आली पाहिजे आणि टोक ते बॉडी येता कामा नये. लेकीचे पहिले चार सांधे ड्राय सोल्डर झाले, मळकट दाणेदार दिसत होते, कारण ती आयर्नने सोल्डर वितळवून ते वर टाकत होती. आधी जागा तापवायची आणि सोल्डर तिथे आपणहून वाहू द्यायचं, हे तिला पाचव्या सांध्याला कळलं आणि तो सांधा चकचकीत बसला तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. खिडकी उघडी ठेवा, धूर तोंडावर घेऊ नका, आणि आपल्याकडच्या ६०-४० सोल्डरमध्ये शिसं असतं त्यामुळे झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

पेडलचा क्रम काय ठेवायचा यावर ती माझ्याशी वाद घालते पण आम्ही सूर जुळवायचा ट्यूनर पहिला ठेवला कारण त्याला स्वच्छ सिग्नल लागतो, मग ड्राइव्ह, मग कोरस (एकाचे अनेक आवाज भासवणारा), डिले, शेवटी रिव्हर्ब. डिले ड्राइव्हच्या आधी लावला तर मागून येणारे सगळे आवाज एकत्र फाटतात आणि चिखल होतो. कुणाला तो चिखलच हवा असेल तर लावावा उलटा, कान आपला आहे.

आता मूळ मुद्दा, पॉवर. बोर्डचा जीव लाकडात नाही, पॉवरमध्ये आहे. बहुतेक पेडल ९ व्होल्ट डीसीवर चालतात आणि पिनच्या मधोमध निगेटिव्ह असतं. घरातल्या राउटरचा अॅडाप्टर बरोबर तशाच पिनचा असतो, पण तो बहुधा १२ व्होल्टचा आणि मध्ये पॉझिटिव्ह, तो लावला की पेडल जाऊ शकतं, तेव्हा आयाबायांनो, अॅडाप्टरवरचं चित्र बघितल्याशिवाय पोरांना काही लावू देऊ नका. आम्ही आधी एकाच साध्या अॅडाप्टरवर पाच तोंडांची वायर लावून पाहिली. ड्राइव्ह एकटा असताना ठीक, डिले चालू केला की डास गुणगुणल्यासारखी बारीक शिट्टी. कारण डिजिटल पेडलच्या आतल्या घड्याळाचा आवाज आणि अॅडाप्टरच्या स्विचिंगचा आवाज एकाच ग्राउंडवरून (सगळ्यांच्या सामाईक तारेवरून) सगळ्यांत फिरतो आणि ड्राइव्ह तो मोठा करतो. उपाय म्हणजे आयसोलेटेड सप्लाय, ज्यात प्रत्येक आउटपुट दुसऱ्यापासून वेगळा असतो. करंटची बेरीज पण करायची, साधं अॅनालॉग ड्राइव्ह ५-१० मिलीअँपमध्ये भागतं पण डिजिटल डिले-रिव्हर्बला पन्नास-साठपासून शंभरच्या वर लागतात, ते पेडलच्या मागे किंवा माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. लाकूड फुकट, स्क्रू वेल्क्रो जॅक सगळं मिळून हजाराच्या आत, आणि खरे पैसे गेले ते या सप्लायला. तिथे वाचवू नका असं मी अगदी कळकळीने सांगते. सप्लाय मागच्या पट्टीखाली बसवला, त्याची २३० व्होल्टची वायर एका कडेने नेली आणि गिटारच्या वायरींपासून लांब बांधली, जिथे ओलांडावीच लागली तिथे काटकोनात ओलांडली.

सगळं झालं तरी घुं असा एक आवाज राहिलाच. तारांना हात लावला की कमी व्हायचा, सोडला की परत. दोन दिवस आम्ही बोर्ड उलटा करून बसलो होतो आणि बोर्डचा काही दोष नव्हता, आमच्या जुन्या घरातल्या त्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं! तिसरं भोक होतं, मागे तार नव्हती. वायरमन बोलावला, अर्थ ओढून घेतली, घुं जवळजवळ गेला.

आणि इथे मला ते आठवलं ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे. गेल्या वर्षी एका गॅदरिंगला लेक गिटार गळ्यात अडकवून माइकजवळ गेली आणि तिच्या ओठाला झटका बसला. ती मागे सरकली, सगळे हसले, साउंडवाले म्हणाले घाम असेल, आणि कार्यक्रम पुढे चालू झाला. तेव्हा मीही गप्प बसले. आता मला माहितीये की घामाने कुणाला झटका बसत नाही, करंट असतो म्हणून बसतो. गिटारच्या तारा वायरीतून अॅम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात. अॅम्पला अर्थ नसेल किंवा माइकचा सेट दुसऱ्या बोर्डवरून घेतलेला असेल तर हातातल्या तारा आणि ओठासमोरचा माइक यांच्यात व्होल्टेज उभं राहतं, आणि मध्ये असतं आपलं पोर. १९७२ साली वेल्समध्ये स्वान्सी इथे लेस हार्वी हा गिटारवादक स्टेजवर माइकला हात लावताना विजेच्या धक्क्याने गेला, अवघा सत्तावीस वर्षांचा मुलगा. पन्नास वर्षं उलटून गेली आणि आपल्या मंडपांत आजही एक्स्टेंशन बोर्डची अर्थची जाड पिन तोडून ती टू-पिनमध्ये घुसवलेली मी स्वतः बघितली आहे. घुं आवाज जातो म्हणून काही जण मुद्दाम अर्थ काढतात, हे तर त्याहून भयंकर, आवाज घालवायचे दहा मार्ग आहेत, अर्थ हा जिवाचा मार्ग आहे, तो कधीच काढायचा नाही.

तपासायला पाच मिनिटं लागतात. मल्टिमीटर एसीवर ठेवून माहितगाराने सॉकेटमध्ये फेज ते अर्थ बघायचं, २३० च्या आसपास आलं पाहिजे, न्यूट्रल ते अर्थ जेमतेम दोन-तीन व्होल्ट. अॅम्प आणि माइकचा सेट एकाच बोर्डवरून घ्यायचा. मंडपाच्या मेन लाइनला ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लावायचा, आणि त्यावरचं टेस्टचं बटण कार्यक्रमाआधी दाबून तो पडतो का बघायचं. साउंडवाल्यांवर मला राग काढायचा नाही, ते रात्र रात्र उभे असतात, पण आयोजकांनी विचारलंच नाही तर ते तरी कशाला थांबतील. डिसेंबर-जानेवारी म्हणजे गॅदरिंगचे दिवस. तुमच्या शहर पानावर या चार ओळी एक चौकट करून छापल्या तर प्रत्येक शाळा-कॉलेजच्या शिक्षकाच्या नजरेला पडतील, ही माझी विनंती आहे.

काकांना पण एक विनंती. शाळेत आम्हाला कार्यानुभवाच्या तासाला निदान फ्यूज बांधायला शिकवायचे, माझ्या लेकीच्या हातात पहिल्यांदा करवत आणि आयर्न आलं ते या डब्यांमुळे. बोर्ड करताना ती रोज चार तास बसली, कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही एकदा घरी या, ती वाजवेल, आमच्याकडे सासूबाईंचा तंबोरा पण आहे, तो लावून घेऊ आणि दोन्हींचा आवाज शेजारी शेजारी ऐकू.

माझं नाव-पत्ता पत्रासोबत वेगळा दिलाय, छापू नका. पण मिरज-सांगलीतल्या ज्या मुलामुलींना सोल्डरिंग शिकायचंय आणि घरी कुणी दाखवणारं नाही त्यांनी तुमच्या कार्यालयात विचारलं तर त्यांना पत्ता द्या. रविवारी सकाळी मी मोकळी असते, आयर्न दोन आहेत, जॅक आणि वायर आपापली आणावी.

आपली,
मिरजेची एक वाचक