तो साहेबाचा बंगला नव्हे, तंबाखूची वखार

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

कालच्या अंकात जुन्या पी. बी. (पुणे-बेंगलोर) रोडवरच्या त्या दगडी बिल्डिंगवर अर्धं पान छापलंय. फोटो छान आलाय, त्याबद्दल धन्यवाद. मजकुराबद्दल मात्र बोलायलाच पाहिजे. 'ब्रिटिश अधिकाऱ्याचा बंगला' म्हणे. कुठला अधिकारी? नाव नाही, हुद्दा नाही, नुसतं 'जाणकार सांगतात'. आमच्या निपाणीत जाणकारांना काय तोटा, एक चहा पाजा, बंगल्याचा राजवाडा करून देतील.

अहो, ती तंबाखूची वखार आहे. दारावर चुन्यात केलेलं पान तुमच्या वार्ताहरांना 'केळीच्या पानाची कलाकुसर' वाटलं. निपाणीत उभं राहून तंबाखूचं पान ओळखू येऊ नये म्हणजे कमाल झाली. आता सगळी चूक त्यांची पण नाही म्हणा, कारण कर्नाटकात साठ टक्के कन्नड बोर्डाचा नियम आल्यावर खालच्या मोबाईलवाल्यानं नवा फ्लेक्स ठोकलाय तो सरळ त्या पानावरच चढवलाय, वरचा शेंडा तेवढा दिसतो, बाकी पान आणि खालचं मराठी नाव आत गडप. नियमाप्रमाणं बोर्ड लावा की, कोण नाही म्हणतंय, पण हातभर खाली लावला असता तर काय दंड बसला असता का?

खिडक्या उंचावर आणि जाड गजांच्या आहेत, त्याला 'थंड हवेसाठी केलेली खास रचना' असं लिहिलंय. थंड हवा! 1943 साली सरकारनं तंबाखूवर अबकारी बसवली, तेव्हापासून माल वखारीत पडला की किती आला, किती गेला सगळं अबकारीवाल्याच्या वहीत, कर भरल्याशिवाय पोतं हलवायचं नाही. ते पोतं रात्री खिडकीतून पसार होऊ नये म्हणून ते गज. 1979 ला कच्च्या तंबाखूवरचा तो कर उठला, गज तेवढे राहिले.

हे मला कुणा जाणकारानं सांगितलेलं नाही. माझी आई त्या वखारीत चाळणीवर होती. मागं, जिथं तुम्ही 'प्रशस्त पार्किंग' दाखवलंय, तिथं पत्र्याखाली बायका ओळीनं बसायच्या, वाळलेला पाला कुटायचा, चाळायचा, जर्दा वेगळा, काडी वेगळी, भुकटी वेगळी. तोंडाला पदर गुंडाळला तरी नाकातून तपकिरी पाणी. दुपारची भाकरी घेऊन मी जायचो, दारात पोचायच्या आधीच शिंका सुरू, आतले दिवाणजी हसायचे, "आला बघ शिंकणारा." आई बाहेर यायची, दोनदा हात धुवायची, तरी तिच्या हातचा तुकडा कडूच लागायचा. तिला ते कळायचं पण बंद झालं होतं. घरी आली की लुगडं अंगणाच्या कडेला झटकून मगच उंबऱ्यात पाय. खोकला शेवटपर्यंत गेला नाही. तुमच्या अर्ध्या पानात त्या बायकांना एक ओळ नाही आणि शेठजींच्या झुंबराला तीन ओळी. झुंबर मी कधी बघितलं नाही. आम्हाला पुढच्या खोलीत घेतलं असतं तर बघितलं असतं.

आणि ते वाक्य, 'या वास्तूने परिसरातील शेतकऱ्यांना समृद्धी दिली.' आमच्या शेजारच्या अण्णांना वाचून दाखवलं, ते एवढं हसले की चहा सांडला. माल टाकायचा आज, भाव कळायचा नंतर, पैसे त्याच्या पण नंतर, वर घट म्हणून कापायचं ते वेगळंच. उगाच नाही 1981 ला शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या मागं माणसं बायकापोरं घेऊन हायवेवर येऊन बसली. 6 एप्रिलला गोळीबार झाला, 12 शेतकरी गेले. तंबाखूच्या वखारीचा इतिहास लिहायचा आणि त्यात हे नाही! सीमावादावरच्या महाजन आयोगानं निपाणी महाराष्ट्राला द्यायला सांगितलं होतं हे वर्षातून चारदा छापता, छापा, आम्हाला पण वाचायला बरं वाटतं. पण मग हे का नाही?

अजून एक, मागंही लिहिलं होतं. 'चिकोडी तालुक्यातील निपाणी' असं अजून छापताय. निपाणी स्वतः तालुका झाला हो, तहसीलदार इथंच बसतात, त्यांच्या ऑफिसच्या पायऱ्या आम्हीच झिजवतोय. ते पत्र तुम्ही निम्मं कापून छापलंत आणि नेमका मुद्दाच गेला. ह्या पत्राला पण कात्री लावायची असेल तर तालुक्याचं कापा, अण्णांचा चहा कापा. चाळणीवरच्या बायकांचं तेवढं राहू द्या.

आपला,
एक जुना वर्गणीदार, निपाणी