तारेला टोचलेली पत्रं

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन लवकर ठेवलास तेव्हाच मला वाटलं काहीतरी बिनसलंय, मग रात्री आईनं सगळं सांगितलं. गोठ्याच्या वाशांतली भुंग्यांची भोकं तू दोन महिने मोजत होतीस, यंदाची म्हणून वहीत मांडलीस, आणि त्या घरातल्या मावशी चारचौघांत म्हणाल्या की पोरी यातली निम्मी भोकं जुनी आहेत, आमच्या सासऱ्यांच्या वेळेपासून भुंगे त्याच भोकांत परत येतात. आणि आता तुला परत तिकडं जायचं म्हटलं की नको वाटतंय. फोनवर मला हे नीट बोलता येत नाही, मी लांबण लावली की तू हो बाबा हो बाबा करतेस, म्हणून लिहितोय. एका दमात वाचायला जमलं नाही तर दोनदा वाच, पण वाच.

रिटायर झाल्यापासून मी डार्विनची पत्रं वाचतोय हे तुला माहितीय. ३२ वर्षं आरएमएसमधे, म्हणजे रेल्वेच्या टपालखात्यात काढली, रात्रीच्या गाडीत उभं राहून दुसऱ्यांची पत्रं खणात टाकायची, पत्ता बघायचा आणि हात पुढं न्यायचा, आत काय लिहिलंय याच्याशी आपला संबंध नाही. एवढी लाखो पत्रं हातातून गेली आणि आतून एकही वाचलं नाही. आता पहिल्यांदा दुसऱ्याची पत्रं आतून वाचतोय. इंग्रजी जुनं आहे, डिक्शनरी शेजारी लागते, दिवसाला तीन-चार होतात. केंब्रिजमधे १९७४ ला ही पत्रं गोळा करून छापायचं काम सुरू झालं आणि ३० खंड व्हायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. त्यानं लिहिलेली आणि त्याला आलेली अशी मिळून १५ हजारांच्या वर.

डार्विन म्हटलं की लोकांना ते जहाज आठवतं आणि बेटं आठवतात. पण जहाजावर तो होता पाचच वर्षं, १८३१ च्या डिसेंबरपासून १८३६ च्या ऑक्टोबरपर्यंत, त्यानंतर हा माणूस परत कधी ब्रिटनबाहेर गेलाच नाही. १८४२ ला लंडनपासून पंधरा-सोळा मैलांवरच्या डाउन नावाच्या खेड्यात घर घेतलं आणि १८८२ ला वारला तोपर्यंत, म्हणजे ४० वर्षं, तिथंच. तब्येत कायम खराब, उलट्या, अंगात त्राण नाही, कोणी पाहुणा आला आणि गप्पा लांबल्या तरी दुसरा दिवस वाया जायचा. अशा माणसानं जगभरातले प्राणी, झाडं, माणसं एका खोलीत कशी आणली असतील? तर पोस्टानं. १८४० ला इंग्लंडात पेनी पोस्ट सुरू झालं, त्याआधी अंतरावर पैसे आणि तेही बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्यानं द्यायचे, आता एका पेनीचं तिकीट लावलं की देशात कुठंही. हे आधी झालं नसतं तर पुढचं काहीच जमलं नसतं असं मला अगदी मनापासून वाटतं, आणि पोस्टात होतो म्हणून म्हणत नाहीये.

त्याचा दिवस त्याच्या मुलानं, फ्रान्सिसनं, लिहून ठेवलाय. सकाळी थोडं फिरायचं, ८ ते ९:३० काम, मग तासभर टपाल, घरची पत्रं कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि हा सोफ्यावर पडून ऐकायचा. १०:३० ला परत काम, १२ ला बंद. बंद म्हणजे बंद, आज चांगलं काम झालं म्हणायचा आणि फिरायला जायचा. दुपारी आराम करताना बायको कादंबरी वाचून दाखवायची, संध्याकाळी परत तासभर काम. म्हणजे सगळं धरून दिवसाला चारएक तास. तू रात्री दोनपर्यंत लॅपटॉपसमोर बसतेस त्याबद्दल मी इथं काही लिहीत नाही, आई लिहिणारच आहे.

आणि मला आवडलेली गोष्ट म्हणजे, अभ्यासिकेच्या खिडकीशी त्यानं एक आरसा लावून घेतला होता, पोस्टमन येताना खुर्चीतूनच दिसावा म्हणून. आम्ही गाडीत ज्या पिशव्या भरायचो त्याच्या दुसऱ्या टोकाला असं कोणीतरी डोळे लावून बसलेलं असतं हे तेव्हा कधी मनात आलं नाही गं.

आता मुद्द्याचं. हा माणूस कोणाला विचारायचा ते बघ. कबुतरं पाळणाऱ्यांना, कोंबड्यांचा नाद असलेल्यांना, माळ्यांना, मिशनऱ्यांना, आणि विचारताना तुम्हाला त्रास देतोय, माफ करा, एवढी एक कृपा करा, असं प्रत्येक पत्रात. लंडनच्या कबुतरवाल्यांच्या क्लबात जाऊन बसायचा, ते लोक साधे, पण कबुतराची चोच एवढीशी बदलली तर त्यांना कळायचं आणि कॉलेजातल्या प्रोफेसरांना कळायचं नाही, म्हणून हा तिथं. १८५६ च्या जानेवारीत त्यानं मद्रासला वॉल्टर इलियट नावाच्या सरकारी अधिकाऱ्याला लिहिलं की तिकडच्या पाळीव कबुतरांची आणि कोंबड्यांची कातडी मिळतील का. हे इलियट आधी धारवाडकडं होते, ज्याला इंग्रज सदर्न मराठा कंट्री म्हणायचे, आपलं मिरज संस्थानही त्याच मुलखात धरायचे, तिथल्या सस्तन प्राण्यांची यादी त्यांनी १८३९ ला छापलेली. तर मद्रासहून कातडी गेली, आणि १८५९ च्या त्याच्या गाजलेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ पुस्तकात कबुतरांच्या भागात इलियटचं नाव आभारासकट आहे.

पण मला तुला सांगायचंय ते जॉन स्कॉटबद्दल. हा एडिंबराच्या बोटॅनिकल गार्डनमधे माळीकाम करणारा पोरगा, २६ वर्षांचा, नावापुढं डिग्री नाही. १८६२ ला डार्विनचं ऑर्किडवरचं पुस्तक आलं, त्यात एका ऑर्किडबद्दल त्यानं लिहिलं होतं की याची फुलं नुसती नर आहेत. स्कॉटनं त्या फुलावर स्वतः परागकण लावून बघितले आणि फळ धरलं. नोव्हेंबरमधे त्यानं थेट डार्विनला कळवलं की तुमचं चुकलंय. आता विचार कर, डार्विन तेव्हा ५३ वर्षांचा, जगभर नाव, पुस्तक छापून दुकानात गेलेलं, आणि एक माळी पत्र पाठवून सांगतोय. डार्विननं लगेच उत्तर लिहिलं, आभार मानले, आणि लगोलग त्यालाच प्रश्न विचारायला लागला, फळ कसं धरलं, अजून कुठली झाडं आहेत तुमच्याकडं, हा प्रयोग करून बघाल का, तो करून बघाल का. मग दोघांची पत्रं सुरूच राहिली. आपल्या मित्राला, हूकरला, लिहिताना हा माणूस किती तोलाचा आहे ते सांगितलं. पुढं १८६४ ला स्कॉटचं तिथं बिनसलं आणि त्यानं नोकरी सोडली, तेव्हा हिंदुस्थानात जायला डार्विननं त्याच्या प्रवासाचे पैसे दिले. स्कॉट कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमधे क्युरेटर झाला.

आणि एवढ्यावर संपत नाही. १८६७ ला डार्विननं १६ प्रश्नांचा एक कागद छापून जगभर पाठवला, माणसाच्या चेहऱ्यावरच्या भावांबद्दल. आश्चर्य वाटलं की तिकडचे लोक डोळे-तोंड मोठं करतात का भुवया वर करतात का, शरम वाटली की चेहरा लाल होतो का आणि ती लाली अंगावर कुठवर उतरते, असे प्रश्न. ३६ जणांची उत्तरं आली. त्यात कलकत्त्याहून सविस्तर उत्तरं पाठवणारा कोण, तर स्कॉट. ज्यानं चूक दाखवली तोच माणूस पुढं त्याचे डोळे झाला.

त्या १६ प्रश्नांच्या कागदावर एक सूचना आहे ती मी माझ्या वहीत उतरवून ठेवलीय. आठवणीवर विसंबू नका, या बाबतीत आठवण फार फसवते, प्रत्यक्ष बघून लिहा, अशी त्यानं कळकळीची विनंती केलीय. तू भोकं मोजलीस ती प्रत्यक्ष मोजलीस, त्यात खोटं काही नाही. फक्त ती कधीची हे त्या मावशींना ठाऊक होतं आणि तू विचारलं नव्हतंस. आता विचार. चाळीस वर्षं रोज सकाळी त्याच गोठ्यात शेण काढायला जाणाऱ्या बाईइतके ते वासे कोणी बघितलेत? चहा घे त्यांच्याकडं, वही घेऊन बस, कुठलं भोक जुनं कुठलं नवं ते त्यांच्याकडून खडूनं खुणा करून घे, आणि उद्या तुझा पेपर छापून आला तर त्यात त्यांचं नाव घाल. मावशी म्हणून नाही, पूर्ण नाव, आडनावासकट.

आलेल्या पत्रांना हा माणूस काय करायचा तेही सांगतो. सगळ्यांना उत्तर. कोणी येडपट लिहिलं तरी उत्तर, नाही दिलं तर मनाला लागून राहतं म्हणायचा. मुलाकडून लिहून घेताना परदेशी माणसाचं पत्र असेल तर सांगायचा की अक्षर नीट काढ, परक्या भाषेत वाचायचंय त्याला. आणि महत्त्वाचं वाक्य नव्या परिच्छेदात घ्यायला लावायचा, म्हणजे वाचणाऱ्याच्या नजरेत भरेल. तुझ्या मेलमधे मुख्य प्रश्न कायम शेवटच्या ओळीत असतो, तेवढं बघ.

पण एक गोष्ट वाचून मला दोन दिवस चैन पडलं नाही. पत्रं ठेवायला त्याच्याकडं टोचणीसारख्या सळया होत्या, स्पिट म्हणायचा तो त्यांना. आपल्या जुन्या घरात खुंटीला ती खालून आकडा वाकवलेली तार होती ना, लाकडी गोल चकती बसवलेली, ज्यात लाईट बिल आणि पत्रं खालून वर सरकवलेली असायची, तसंच काहीतरी. तर या सळया भरल्या की तो कित्येक वर्षांची पत्रं जाळून टाकायचा आणि सळया परत वापरायचा. असं करत १८६२ च्या आधीची त्याला आलेली बहुतेक पत्रं गेली. नंतर कोणी समजावलं तेव्हा निवडक ठेवायला लागला. म्हणजे कबुतरवाल्यांची, माळ्यांची, कोणकोणती पत्रं असतील, आता फक्त त्याचे प्रश्न आहेत आणि उत्तरं नाहीत.

तुला सांगितलं नव्हतं कधी. आपण क्वार्टर सोडलं तेव्हा ती तार मीच रिकामी केली. अण्णांची पत्रं होती त्यात, शेतावरून लिहिलेली, पंधरा पैशाची कार्डं, पाऊस किती झाला, म्हैस कधी व्याली, विहिरीला पाणी कुठवर आहे, सगळं तारखेनिशी. मधोमध भोक पडलेलं असायचं, त्या भोकात नेमका एखादा शब्द जायचा. सामान जास्त होतं आणि ट्रक दारात उभा होता, मी बंबात घातली. अण्णांच्या हातचं आता घरात काही नाही. म्हणून तू वह्या कुठल्याही कारणानं टाकू नकोस, चुकलेल्या मोजणीची सुद्धा. तिच्यावर तारीख घालून चुकलेली असं लिही आणि ठेव.

अजून एक, हे मी तुला लिहू का नको असा चार दिवस विचार केला. डार्विनची थोरली मुलगी ॲनी १० वर्षांची होती, १८५१ च्या एप्रिलमधे माल्व्हर्न नावाच्या गावी उपचाराला नेली होती, हा तिच्या उशाशी आणि बायको घरी, दिवस भरत आलेले, प्रवास शक्य नाही. तर हा रोज तिला पत्रं लिहितोय, एकाच दिवसात परत परत, आत्ता उलटी झाली, आत्ता झोपली, नाडी अशी आहे, दोन घोट पाणी घेतलं. जसा तो झाडाकडं बघायचा तसाच बघतोय आणि लिहितोय, आणि मधेच हात थरथरतो तसं वाक्य तुटतं. आणि घरून बायकोची पत्रं येतायत ती आदल्या दिवशीच्या बातमीवरची, इथं तोवर वेगळंच झालेलं. २३ एप्रिलला ती गेली. त्यानं पाणी पाजलं तेव्हा तिनं थँक यू म्हटलं होतं, ते तिचं त्याच्याशी शेवटचं बोलणं असं त्यानं आठवड्याभरात लिहून ठेवलं. हे मी आईला वाचून दाखवत होतो, ती मधेच उठून आत गेली, आणि मीही त्या दिवशी पुढं वाचलं नाही. तू लहानपणी टायफॉइडनं आजारी होतीस तेव्हा मी गाडीवर होतो, तीन रात्री, घरी फोन नव्हता. तेवढंच.

डाउनला उरलेली पोरं होती, खूप होती, आणि त्यांनाही त्यानं कामाला लावलं. बागेत नर भुंगे, म्हणजे तिकडचे ते जाडे केसाळ बंबलबी, ठरलेल्या वाटेनं ठरलेल्या जागी घुटमळत जातात असं त्याला दिसलं, मग पाच-सहा पोरं एकेका जागेवर उभी केली आणि भुंगा दिसला की ओरडायचं, इथं आहे. असं वर्षानुवर्षं केलं.

तर मी पण सुरू केलंय. परसातला शेवगा फुललाय. गुरुवारी सकाळी ६:३० ते ७:३० खुर्ची टाकून बसलो, काळा भुंगा ११ वेळा आला. शुक्रवारी ढगाळ होतं, ४ वेळा. शनिवारी दूधवाल्याशी बोलत राहिलो आणि मोजायचं राहिलं, त्या दिवसाची रेघ कोरी ठेवलीय, अंदाजानं भरली नाही. रविवारी १३, त्यातले ३ पाठीवर पिवळी लव असलेले, बाकी पूर्ण काळे. एकच भुंगा परत परत येतो का वेगवेगळे, हे मला ओळखता येत नाही, डार्विनच्या पोरांनी भुंग्यावर पीठ भुरभुरलं होतं, आई म्हणते कणीक देते, पण तुझ्या शास्त्रात ते चालतं का?

पिवळ्या पाठीचे वेगळ्या रकान्यात लिहू का तेही कळव. मावशींकडं कधी जातेयस?

तुझा,
बाबा