शनीच्या कड्यांना सातबारा नसतो

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत क्रमशः येणारी शनीच्या कड्यांमधील वसाहतींची विज्ञानकथा आमच्या ऐरोलीतील इमारतीच्या गच्चीवर दर आठवड्याला भरणाऱ्या विज्ञानवर्गात मोठ्याने वाचली जाते. वर्गात सातवी ते दहावीची मुले आहेत, आणि शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हा वर्ग चालवते. इतक्या दूरच्या जागी आपल्या भाषेत भांडणारी, रुसणारी आणि तह करणारी माणसे कोणी उभी करते आहे याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच गेल्या भागात जे खटकले ते सविस्तर लिहावेसे वाटले.

त्या भागात आधी येऊन स्थिरावलेला गट आणि मागाहून आलेला गट कड्यातल्या एका पट्ट्यावरून हातघाईवर येतात, हद्दीवर दिव्यांचे खांब रोवले जातात आणि दोन्ही बाजूंना पहारे बसतात. गटांमधला राग खरा वाटतो, पण ती हद्द मात्र खरी वाटत नाही. शनीच्या कड्यात हद्दीचा खांब रोवता येत नाही, कारण तिथे स्थिर असे काहीच नाही. प्रत्येक हिमकण, प्रत्येक खडा आणि उद्या वसलीच तर प्रत्येक वस्तीही शनीभोवती स्वतःची प्रदक्षिणा घालत राहणार, आणि जो शनीच्या जवळ तो अधिक वेगाने पुढे जाणार. कडे अखंड तबकडीसारखे फिरूच शकत नाही, ते असंख्य सुट्या कणांचे असले पाहिजे, हे भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1850 च्या दशकात गणिताने दाखवून दिले होते.

आकड्यांत सांगायचे तर इंग्रजी अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या कड्यांपैकी 'बी' हे कडे सर्वांत दाट आहे, आणि तिथे शनीच्या केंद्रापासून एक लाख किलोमीटर अंतरावर एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे नऊ तास लागतात. त्या वेळी वस्तीचा वेग सेकंदाला साडेएकोणीस किलोमीटर असतो. आता तिच्यापेक्षा फक्त एक किलोमीटर आत दुसरी वस्ती आहे असे धरा. दोघींच्या वेगातला फरक इतका किरकोळ आहे की आतली वस्ती तासाला जेमतेम एक किलोमीटर पुढे सरकेल, म्हणजे आपण रमतगमत चालतो त्याहूनही हळू. पण हे सरकणे थांबत नाही. दिवसभरात ती पंचवीस किलोमीटर पुढे जाते, महिन्याभरात साडेसातशे. सबंध कडे ओलांडून ती पुन्हा शेजारी येते तेव्हा सुमारे 68 वर्षे उलटलेली असतात.

हे मुलांना कळावे म्हणून आम्ही गच्चीवर सुतळी आणि खडूने दोन वर्तुळे आखली. आतल्या वर्तुळावर आठवीतली एक मुलगी आणि बाहेरच्यावर तिचा वर्गमित्र उभा राहिला, दोघांच्या चालीत ठरवून थोडासा फरक ठेवला आणि सुरुवातीला दोघांना एकाच डब्याच्या दोन कडा धरायला लावल्या. चौथ्या पावलाला डबा सुटला. आकडेमोड करून 68 हा आकडा फळ्यावर लिहिल्यावर ती मुलगी बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "बाई, म्हणजे आज आमचं भांडण झालं तर ते माझी नात मिटवणार." त्या कथेतल्या सगळ्या पहाऱ्यांपेक्षा मला हे वाक्य अधिक जिवंत वाटले. ज्याच्याशी वैर धरले तो आपोआप निघून जातो आणि दोन पिढ्यांनी परत येतो, तेव्हा वैर टिकते ते कोणाच्या आठवणीवर आणि कोणाच्या दप्तरावर, हा प्रश्न फक्त कड्यांमध्येच उभा राहू शकतो. आमच्याकडचे भूखंड 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असतात. शनीवरचा शेजारी परत येईपर्यंत तो पट्टाही संपून गेलेला असेल.

मग गट पडतील ते कसे? माझ्या मते कक्षेनुसार. एकाच कक्षेवर पुढे-मागे असलेल्या वस्त्या एकमेकींपासून हजारो किलोमीटर दूर असल्या तरी त्यांच्यातले अंतर फारसे बदलत नाही, आणि घाई नसेल तर एकीकडून दुसरीकडे जायला इंधनही थोडेच लागते. उलट 'बी' कड्याच्या आतल्या काठावरून त्याच्या बाहेर असलेल्या 'ए' कड्याच्या बाहेरच्या काठावर जायचे, तर अंतर 45 हजार किलोमीटरच असले तरी वेगात एकूण सेकंदाला साडेतीन किलोमीटरहून अधिक बदल करावा लागतो. तिथला सोयरा म्हणजे आपल्याच वर्तुळावरचा माणूस, आणि परका म्हणजे शनीच्या जवळ किंवा दूर असलेला. नकाशावर शेजारी दिसणारी माणसे व्यवहारात परकी असतील.

कथेतला सगळा झगडा पाण्यावरून आहे, तोही मला पटत नाही. कडी जवळजवळ संपूर्ण बर्फाची आहेत. कॅसिनी यानाने 2017 मध्ये शनीत विलीन होण्यापूर्वी केलेल्या मोजणीवरून त्यांचे वस्तुमान सुमारे दीड कोटी अब्ज टन, म्हणजे मिमास या उपग्रहाच्या सुमारे 40 टक्के भरते. जे दारात पडले आहे त्यासाठी कोणी कोणाचा गळा धरणार नाही. टंचाई असेल ती नायट्रोजनची, आणि तो आहे शनीच्या टायटन या सर्वांत मोठ्या उपग्रहावर, ज्याचे वातावरण बहुतांशी नायट्रोजनचेच आहे. कड्याच्या बाहेरच्या काठावरून टायटनकडे नुसते निघायला सेकंदाला साडेपाच किलोमीटरहून अधिक वेगाची भर घालावी लागते. हवेतला आणि खतातला नायट्रोजन ज्याच्या हाती, त्याच्या दारी सगळे गट ताटकळत बसतील. दुसरी टंचाई उन्हाची. शनीवर पोचणारे ऊन आपल्याकडच्या उन्हाच्या सुमारे नव्वदाव्या भागाइतकेच असते, आणि दर पंधरा वर्षांनी, जसे मे 2025 मध्ये झाले, सूर्य कड्यांच्या अगदी पातळीत येतो आणि कड्यांच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ अंधार होतो. 2025 च्या नोव्हेंबरात आम्ही गच्चीवरच्या लहान दुर्बिणीतून शनी पाहिला, तेव्हा कड्यांच्या जागी एक बारीक काडी तेवढी दिसत होती आणि मुलांचा हिरमोड झाला होता. त्या काळात कड्यात राहणाऱ्या माणसाला ऊन कोणी अडवले यावरून शेजाऱ्याशी भांडावेसे वाटेल, हे मी समजू शकते.

जाता जाता एक सांगते. कथेतले वैमानिक आदळणाऱ्या शिळांमधून वाट काढतात. प्रत्यक्षात कड्यातले शेजारी कण एकमेकांना सेकंदाला काही मिलिमीटर इतक्या संथपणे स्पर्श करतात, आणि मुख्य कड्यांची जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटरच आहे.

धोका वेगळा आहे, आणि तो शेजाराचा आहे. वस्तीतून कोणी कचरा कड्याच्या पातळीच्या वर भिरकावला, तर एक लाख किलोमीटरवरच्या कक्षेत तो सुमारे साडेचार तासांत ज्या वेगाने फेकला त्याच वेगाने परत दारात येतो. थोडा आत किंवा बाहेर ढकलला, तर तो हळूहळू सरकत दुसऱ्या कोणाच्या कक्षेत शिरतो. वस्ती फार मोठी झाली तर तिच्या गुरुत्वाने आजूबाजूचे कडेच ढवळून निघते. डॅफ्निस हा जेमतेम आठ किलोमीटरचा उपग्रह 'ए' कड्यात 42 किलोमीटर रुंदीची मोकळी फट राखून आहे, आणि त्या फटीच्या काठांवर त्याने दीड किलोमीटर उंचीपर्यंत लाटा उठवल्याचे 2009 मध्ये त्यांच्या पडलेल्या सावल्यांवरून दिसले. लहान वस्त्या मोठ्या वस्तीविरुद्ध एकजूट करतील ती अशा लाटांमुळे. तिथे तक्रार जागा बळकावल्याची नसेल, तर आपली वाट ढवळल्याची असेल.

माझे आजोबा ठाण्याच्या खाडीत खुंटांना जाळे बांधून मासे धरत. ओहोटीच्या ओढीने मासा जाळ्यात येई. खाडीचे पाणी कोणाचेच नव्हते आणि त्यावर रेघ ओढायची कल्पनाही कोणाच्या मनात येत नसे. पण दुसऱ्याच्या जाळ्याच्या तोंडासमोर खुंट ठोकायचा नाही हे काठावरच्या सगळ्या गावांना ठाऊक होते, आणि तंटा झालाच तर तो एवढ्याच मुद्द्यावर होई. पुढे नव्या शहरासाठी 95 गावांच्या जमिनींचे संपादन झाले तेव्हा मात्र मोजणी, हद्दी आणि दाखले आले. आधीचा कोण आणि नंतरचा कोण हा वाद आम्ही जमिनीवर जगलो आहोत, म्हणून कथेतल्या त्या दोन गटांची कळ मला समजते. फक्त कड्यातल्या माणसांनी तो वाद सातबाऱ्याच्या भाषेत मांडावा हे पटत नाही. त्यांना खाडीची भाषा जवळची वाटली असती.

कायद्याचे बोलायचे तर 1967 च्या अंतराळ करारानुसार कोणत्याही देशाला अवकाश किंवा खगोलीय वस्तू सार्वभौमत्वाचा दावा करून, वापरून किंवा व्यापून आपली करता येत नाही. भारताने हा करार 1982 मध्ये अनुसमर्थित केला. मात्र अवकाशात पाठवलेल्या वस्तूवर तिची नोंद करणाऱ्या देशाचा अधिकार कायम राहतो. थोडक्यात घर आपले, पण त्याखालचा भूखंड कोणाचाच नाही. खगोलीय वस्तू म्हणजे नेमके काय याची व्याख्या त्या करारात नाही. त्यामुळे कड्यातला मुठीएवढा बर्फाचा खडा त्यात मोडतो की नाही, यावर कथेतल्या पंचायतीला दोन भाग सहज वाद घालता येईल.

लेखकांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या भागात त्या खांबांना सुटून जाऊ द्यावे. पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत समोरची वस्ती तासाला एक किलोमीटर या गतीने पुढे निघून जाते, तिला अडवता येत नाही आणि तिच्यावर हल्ला करायला कारणही उरत नाही, हे त्यांनी आपल्या लेखणीने लिहावे अशी माझी आणि मुलांची फार इच्छा आहे.

मुलांनी केलेली आकडेमोड आणि दोन वर्तुळांची आकृती सोबत जोडली आहे. ती लेखकांपर्यंत पोचवावी. कागदाच्या तळाशी त्या आठवीतल्या मुलीने आजपासून 68 वर्षांनंतरची तारीख लिहून पुढे जागा कोरी सोडली आहे. मी ती तशीच ठेवली आहे.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
ऐरोली, नवी मुंबई