जंक्शन आणि जू

मा. संपादक,

मोठे स्टेशन म्हणजे जंक्शन, हा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. तो चुकीचा आहे. किमान तीन दिशांना मार्ग फुटले, तरच जंक्शन. भुसावळहून मनमाड, अकोला आणि खंडव्याकडे वाटा जातात. जळगावला सुरतेचा मार्ग मिळतो, चाळीसगावला धुळ्याचा फाटा. नंदुरबार जिल्ह्याचे ठिकाण, पण तिथे दोनच दिशा.

'जंक्शन' या शब्दाचे मूळ लॅटिन 'युंगेरे', म्हणजे जोडणे. संस्कृत 'युज्' हा त्याचा चुलतभाऊ. योग, संयोग त्याचेच. 'युग'ही त्याचेच; संस्कृतात त्याचा एक अर्थ बैलांच्या मानेवरचे लाकूड. प्राकृतात 'य'चा 'ज' झाला आणि आपले 'जू' आले. तिकडे लॅटिनच्या 'य'चाही फ्रेंचच्या वाटेने 'ज' झाला, पण अगदी स्वतंत्रपणे. इंग्रजी 'योक'मध्ये, म्हणजे त्यांच्या 'जू'मध्ये, मात्र जुना 'य' टिकला. त्यामुळे जंक्शन संस्कृतातून इंग्रजीत गेले, असे म्हणणे बरोबर नाही. पूर्वज एक आहे, उसनवारी नाही. शिक्षकांनी फळ्यावर जंक्शन, योग, जू, योक एकाखाली एक लिहावेत. 'य' आणि 'ज'ची अदलाबदल मुलांच्या लगेच लक्षात येते.

– एक वाचक, भुसावळ