पाटा वाढवला म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ कांद्याची काढणी सुरू झाली की लासलगाव, पिंपळगाव बसवंतकडे निघालेल्या पिकअप आधी कमान-पाट्याच्या, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, दुकानात थांबतात. "मागे बसते, दोन पाटे चढवा," एवढीच मागणी असते. आता त्याच दुकानांत आणखी दोन मागण्या येऊ लागल्या आहेत: गाडी उंच करा आणि मोठे टायर बसवा. भार, उंची आणि टायर ही तीन वेगळी कामे आहेत. प्रत्येकाला सस्पेन्शन (चाके आणि चॅसिस यांमधली स्प्रिंगची रचना) वेगळे लागते आणि प्रत्येकाचा परिणाम ब्रेकवर होतो. हा शेवटचा मुद्दा गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

सारख्या जाडीच्या पाच पाट्यांत तेवढाच लांब सहावा घातला तर कडकपणा साधारण २० टक्के वाढतो. जाडी वाढवली तर हिशेब पार बदलतो, कारण कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ८ मिमीऐवजी १० मिमीचा पाटा जवळजवळ दुप्पट कडक असतो. असा एखादा जाड पाटा पातळ पाट्यांत मिसळला, तर सगळे सारखेच वाकत असताना जाडावर ताण जास्त येतो आणि तोच आधी तुटतो. आखूड पाटा खाली घातला, तर तो जिथे संपतो तिथे वरचा मेन (सर्वांत लांब, मुख्य) पाटा तडकतो. पाटे ॲक्सलला (चाकांच्या आसाला) आवळून धरणारा यू बोल्ट ढिला राहिला, तर पाटा मधल्या सेंटर बोल्टच्या भोकातून मोडतो. म्हणून पाटे उघडले की यू बोल्ट नवेच घालावेत, टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत आणि सुमारे ५०० किमीनंतर भरल्या गाडीवर पुन्हा तपासावेत.

आता ब्रेक. अनेक पिकअपच्या चॅसिसवर (गाडीच्या सांगाड्यावर) मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व, म्हणजे भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारी झडप, असतो आणि त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की चॅसिस खाली येते, दांडी फिरते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. रिकाम्या गाडीत दाब कमी राहतो, कारण तसे नसेल तर मागची चाके लॉक होऊन गाडी गरकन फिरेल. पाटे चढवले की दीड टन माल भरूनही चॅसिस पूर्वीइतके खाली येत नाही. व्हॉल्वला गाडी अर्धी रिकामी वाटते. मागचे ब्रेक कमी लागतात, सगळा भार पुढच्यांवर येतो आणि घाट उतरताना ते तापून निकामी होतात. ड्रायव्हरलाही गाडी सपाट दिसते, त्यामुळे ओव्हरलोड लक्षात येत नाही. काही ठिकाणी ही दांडी तारेने बांधून टाकतात. तो उपाय तर आणखी घातक आहे, कारण पहिल्या पावसात रिकामी गाडी ब्रेक दाबताच आडवी होते. पाटे किंवा उंची बदलली की कंपनीच्या मापाने दांडी पुन्हा सेट करायलाच हवी.

गाडी खरोखर बसते आहे का, हे भुईकाट्यावर कळते. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग पूर्ण गाडी. दोन्हीतला फरक म्हणजे मागच्या ॲक्सलवरचा भार. तो आरसी बुकातल्या आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेत असूनही गाडी बसत असेल, तर जुने पाटे सपाट झाले आहेत. त्यांना कमान देणे किंवा मूळ मापाचा नवा संच बसवणे हा उपाय आहे. भार मर्यादेबाहेर असेल, तर कितीही पाटे घाला, ॲक्सलचे हाउसिंग (कवच), बेअरिंग, टायर आणि ब्रेक तेवढेच राहतात.

मागे कॉम्प्रेसर, जनरेटर किंवा बोटीची ट्रॉली ओढणाऱ्यांनी वेगळा हिशेब करावा. पाट्यांवर ट्रॉलीचे पूर्ण वजन येत नाही, हुकावरचेच येते, आणि ते ट्रॉलीच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावे. मात्र हूक ॲक्सलच्या मागे असल्याने तरफ तयार होते. हुकावर १५० किलो, हूक ॲक्सलपासून १.२ मीटर मागे आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधले अंतर) ३ मीटर धरला, तर मागच्या ॲक्सलवर २१० किलो वाढतात आणि पुढचा ६० किलोंनी हलका होतो. स्टिअरिंग हलके लागते ते यामुळेच. गाडी उंच केली असेल तर हूकही वर जातो. मग ट्रॉलीचे नाक उचलले जाते, हुकावरचे वजन घटते आणि ट्रॉली शेपटासारखी डोलू लागते. अशा वेळी हूक खाली घ्यावा, पाटे वाढवू नयेत.

उंचीबद्दल मोठा गैरसमज आहे. पाटे किंवा शॅकल (पाट्याचे टोक चॅसिसला जोडणारी कडी) बदलून चॅसिस उचलते, पण मागचे डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा) जमिनीपासून तेवढेच राहते. ते फक्त मोठ्या टायरने वर येते, तेही टायरच्या वाढलेल्या व्यासाच्या निम्मेच. शॅकल ५० मिमीने लांब केले तर मागची उंची साधारण २५ मिमीच वाढते आणि डिफरन्शियलचे तोंड फिरून इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटला थरथर सुटते. पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारी दांडी) असेल तर तो पिळून उंची मिळते, पण चाकाची खाली जाण्याची जागा संपते आणि खड्ड्यात धक्का थेट बसतो. पुढच्या ॲक्सलवर लोखंडी ठोकळे तर कधीच घालू नयेत. शॉकॲबची (शॉक ॲब्सॉर्बरची) लांबी चाक हवेत लटकवून पाहावी. शॉकॲब पूर्ण ताणलेला दिसला तर तो आखूड पडतो आहे.

टायर २६५/६५ आर १७ वरून २८५/७० आर १७ केला तर व्यास ७ टक्क्यांनी वाढतो. मीटरवर ८० दिसताना वेग ८५ च्या वर असतो, इंजिन ब्रेकिंग (ॲक्सलरेटर सोडल्यावर इंजिनाने होणारा अटकाव) तेवढे घटते आणि थांबायला ब्रेक जास्त दाबावा लागतो. टायरवरचा लोड इंडेक्सही (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) पाहावा: १०० म्हणजे प्रति टायर ८०० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. रुंद आणि देखणा टायर मूळ टायरपेक्षा कमी वजन पेलणारा निघू शकतो.

कायद्यानेही यात सूट नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. ओव्हरलोडसाठी २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये वेगळे.

परिवहन विभागाला विनंती आहे की फिटनेस तपासणीत पिकअपच्या पाट्यांची संख्या आणि लोड सेन्सिंग व्हॉल्वची दांडी जरूर पाहावी. दांडी बांधलेली असेल, तर ती सोडवून सेट केल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नये. बाजार समित्यांनीही आपल्या भुईकाट्यावर शेतकऱ्यांना ॲक्सलनुसार वजनाची पावती द्यावी. त्यासाठी गाडी दोनदा काट्यावर घ्यावी लागते, इतकेच.

आपला,
वाहन दुरुस्ती क्षेत्रातील एक वाचक,
जि. नाशिक