केसपेपरच्या खिडकीशेजारची खुर्ची

आदरणीय समाजसेवा अधीक्षक मॅडम यांस,

स. न. वि. वि.

आभार तोंडी मानण्याचा प्रयत्न मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा तुम्ही ‘काका, आधी ते अर्ज संपवा’ म्हणून मला खुर्चीकडे परत पाठवलेत. म्हणून हे जाहीर पत्र.

टपाल खात्याच्या बचत खिडकीवर तेहतीस वर्षे काढून मी निवृत्त झालो. पत्नीच्या निधनानंतरच्या दीड वर्षात तर जेवणाचीही ठरलेली वेळ उरली नव्हती आणि रक्तदाबाच्या गोळ्या आठवड्यातून दोन-तीनदा तरी चुकत. तपासणीसाठी तुमच्या रुग्णालयात आलो असता रांगेतल्या एका आजींचा फॉर्म मी जुन्या सवयीने भरून दिला आणि ते तुमच्या नजरेस पडले. ‘मन रमवा’ असे सांगणारे नातेवाईक मला पुष्कळ होते. तुम्ही विचारलेत, ‘मंगळवारी आणि शुक्रवारी नऊ ते बारा येता का? कन्नड येणारे माझ्याकडे कोणी नाही.’ अक्कलकोटला नोकरीत काढलेली सहा वर्षे अशी कामी येतील, असे मला वाटले नव्हते.

काम दिसायला क्षुल्लक आहे. ७५ वर्षांपुढच्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत झाल्याने मंगळवेढ्याकडची वृद्ध माणसे एकटीही येऊ लागली आहेत. पण गाडीतून उतरल्यावर कोणत्या खिडकीशी जायचे, हे त्यांना कोण सांगणार? ७० वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, त्यात वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे आणि उत्पन्नाची अट नाही, हे ऐकून पुष्कळांचा विश्वासच बसत नाही. मग आधारची पडताळणी. शेतात राबलेल्या अंगठ्याचा ठसा यंत्र ओळखत नाही, ओटीपी मागवावा तर तो मोबाइल पुण्यातल्या मुलाकडे, आणि मुलगा फोन उचलत नाही कारण तो कामावर असतो. अशा वेळी मी त्या माणसाला बाकावर बसवतो, चहा मागवतो आणि मुलाच्या जेवणाच्या सुट्टीची वाट पाहतो. या वाट पाहण्यात होणाऱ्या गप्पा हा माझ्या आठवड्यातला सर्वांत चांगला भाग आहे, हे कबूल करायला हरकत नाही.

माझ्या प्रकृतीत चमत्कार झालेला नाही. गोळ्या तेवढ्याच आहेत आणि गुडघेही तसेच दुखतात. मात्र आठला घर सोडायचे म्हणून न्याहारी आणि गोळी वेळेवर होते, थांब्यापासूनचे चालणे आपोआप घडते आणि रात्री झोप लागते. माझी नात मला चिडवते, की धडधाकट असतात तेच सेवेला जातात, सेवेने कोणी धडधाकट होत नाही. तिची शंका रास्त आहे. पण अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात साठीपुढच्या ७०२ जणांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून एका गटाला प्राथमिक शाळांमध्ये आठवड्याला १५ तास मुलांच्या मदतीला पाठवले होते आणि त्यांतील काहींच्या मेंदूची चित्रे दोन वर्षे घेतली, तेव्हा शाळेत जाणाऱ्या पुरुषांमध्ये स्मृतीशी निगडित भाग किंचित वाढलेला आढळला. मी आठवड्याला सहाच तास येतो, तेव्हा माझ्या विसरभोळेपणाबद्दल तुम्ही फार आशा बाळगू नये.

आणखी एका गोष्टीसाठी मी तुमचा ऋणी आहे. दर पाऊण तासाने उठून चालायचे, स्ट्रेचरला हात लावायचा नाही आणि एप्रिल-मेच्या उन्हात फक्त शुक्रवारी यायचे, असे नियम तुम्ही घातलेत आणि मी ते मोडल्यावर सर्वांसमक्ष रागावलात. हौसेने आलेल्या म्हाताऱ्याला कोणी रागावत नाही; त्याचे कौतुक करून त्याला सोडून देतात. मी दोन मंगळवार न सांगता चुकवले, तेव्हा तुम्ही फोन करून कारण विचारलेत. निवृत्तीनंतर माझ्या गैरहजेरीची नोंद घेणारे ते पहिलेच कार्यालय.

पुढच्या मंगळवारपासून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे डॉक्टर परवानगी देईपर्यंत मी येऊ शकणार नाही. माझ्या जागी आमच्या गल्लीतले निवृत्त तलाठी येतील. त्यांना कन्नड येत नाही, पण अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे. आणि चहा ते बिनसाखरेचा घेतात, एवढे कँटीनवाल्याला सांगून ठेवावे.

आपला कृतज्ञ,
मंगळवार-शुक्रवारचा काका